चालकाचे मुके सोबती

आषाढाचे दिवस आहेत. मुंबईहून नाशिकला निघालेली एक मोटार शहापूर व खर्डी मागे टाकून कसाऱ्याच्या घाटास लागली आहे. डोंगर ढगांत गडप झाले आहेत. कड्यांवरून उतरणाऱ्या ओहोळांचे पाणी रस्ता ओलांडून दरीत कोसळते आहे. मोटारीत मागे बसलेली मुले भेंड्या खेळण्यात दंग आहेत. चालक मात्र अधूनमधून स्टिअरिंगजवळची एक लहानशी दांडी बोटाने खाली करतो, एखादी कळ फिरवतो, पाय किंचित हलवतो. तो काय करतो आहे इकडे कोणाचेही लक्ष नाही. खुद्द त्याचेही फारसे नाही. त्याच्या सेवेस हजर असलेली ही साधने इतकी निमूटपणे काम करतात की त्यांपैकी एखादे बंद पडेपर्यंत त्याची आठवणही होत नाही.

परंतु मोटार जन्मास आली तेव्हा यांपैकी काहीही तिच्यात नव्हते. जर्मनीतील कार्ल बेंझ यांनी १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट मिळवले. दोन वर्षांनी, १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात, त्यांच्या पत्नी बर्था बेंझ आपल्या दोन मुलांस बरोबर घेऊन, पतीस न सांगताच, ती मोटार मानहाइम गावाहून फोर्ट्सहाइम या आपल्या माहेरी घेऊन गेल्या. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक, म्हणजे नाशिकहून शहापूरच्या आसपास पोहोचावे इतके. वाटेत इंधन संपले, ते औषधांच्या दुकानातून विकत घ्यावे लागले. इंधनाची नळी तुंबली, ती बर्थाबाईंनी टोपीला लावावयाच्या पिनेने मोकळी केली. चढावर मुलांनी गाडी ढकलली. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा त्यांनी चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. मोटारीचा हा पहिला लांबचा प्रवास आणि ब्रेकची ही पहिली सुधारणा एकाच दिवशी घडली. अडचण प्रथम, उपाय मागाहून, हाच मोटारीच्या पुढील इतिहासाचाही क्रम आहे.

पहिली मोठी अडचण गाडी सुरू करण्याची होती. आज चावी फिरवली अथवा कळ दाबली की यंत्र गुरगुरू लागते. पूर्वी गाडीच्या पुढे उभे राहून लोखंडी हँडल यंत्रात अडकवावे लागे व ते जोराने फिरवावे लागे. आपल्याकडील जुन्या जीप व ॲम्बॅसिडर मोटारींबरोबरही असे हँडल येत असे, आणि बॅटरी उतरली म्हणजे ‘हँडल मारणे’ हाच एक मार्ग उरे. हे काम केवळ ताकदीचे नव्हते. ते धोक्याचेही होते. ठिणगी वेळेआधी पडली तर यंत्र उलटा झटका देई आणि हँडल मनगटावर आदळे. हाताचे हाड मोडण्याचा हा प्रकार इतका नेहमीचा झाला होता, की मनगटाजवळच्या एका विशिष्ट अस्थिभंगास डॉक्टर मंडळी ‘शोफरचा अस्थिभंग’ म्हणजे मोटारचालकाचा अस्थिभंग असे म्हणू लागली. हँडल धरताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवावा, त्याचा विळखा घालू नये, ही शिकवण जुने चालक नवशिक्यास प्रथम देत.

या संकटातून चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने चालकांची सुटका केली. विजेच्या मोटरने यंत्र फिरवावे ही कल्पना इतरांसही सुचली होती. परंतु त्यासाठी लागणारी मोटर फार मोठी होईल, असे बहुतेकांस वाटे. केटरिंग यांनी त्यापूर्वी दुकानांतील गल्ल्याच्या यंत्रासाठी विजेची मोटर तयार केली होती. त्या कामात त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. जी मोटर दिवसभर चालावयाची ती मोठी हवी. पण जिने केवळ काही क्षण जोर करावयाचा आहे, ती लहान असली तरी चालते. क्षणभर तिच्यावर शक्तीबाहेर भार टाकला तरी ती तापून जळण्यापूर्वीच तिचे काम संपलेले असते. मोटारीचे यंत्र एकदा चालू झाले की तेच फिरून वीज निर्माण करील व बॅटरी पुन्हा भरून ठेवील, अशीही योजना त्यांनी केली. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत हा ‘स्टार्टर’ बसवण्यात आला. ज्यांच्या मनगटात तितके बळ नव्हते अशा असंख्य लोकांस, आणि त्यांत स्त्रिया आल्याच, मोटार स्वतः चालवण्याचा मार्ग यामुळे मोकळा झाला.

आता आपण घाटातील त्या पावसाकडे वळू. इगतपुरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून जेमतेम पन्नास किलोमीटरांवरील नाशिक शहरात मात्र तो त्याच्या चौथाईच्या आसपास असतो. म्हणजे या एका प्रवासात चालकास पावसाच्या सर्व तऱ्हा भेटतात. कोसळणाऱ्या पावसात काचेवरील वायपर क्षणभर जरी थांबला तरी समोरचा रस्ता नाहीसा होतो. ज्याने हा अनुभव घेतला आहे, त्यास मोटारीतील सर्वांत मोलाचे साधन कोणते, हे विचारावे लागत नाही.

वायपरची कल्पना मेरी अँडरसन या अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या रहिवासी बाईंची. हिवाळ्यात त्या न्यूयॉर्क शहरी गेल्या होत्या. ट्रॅममधून जाताना त्यांनी पाहिले, की हिमवर्षावामुळे पुढील काच वारंवार माखते व चालकास खिडकी उघडून, गारठा सोशीत बाहेर पाहावे लागते. घरी परतल्यावर त्यांनी एक आराखडा केला. बाहेरच्या बाजूस रबराचे पाते आणि ते हलवण्यासाठी आतल्या बाजूस हाताचा दांडा. १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांस याचे पेटंट मिळाले. त्यांनी ते विकण्याचा प्रयत्न केला. पण त्यात काही व्यापारी मोल नाही असे उत्तर त्यांस मिळाले. हलत्या पात्यामुळे चालकाचे चित्त विचलित होईल, असाही आक्षेप कित्येकांचा होता! पुढे पेटंटची मुदत संपली, मोटारी वाढल्या, वायपर घरोघरच्या मोटारींत पोहोचले. बाईंस त्यापासून एक छदामही मिळाला नाही.

हाताने हलवावयाचे पाते यंत्राने हलू लागण्यास काही काळ जावा लागला. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपचे वायपरदेखील हातानेच हलवावयाचे होते. याच विलीज जीपची जुळणी १९४७ नंतर महिंद्र कंपनीने मुंबईत सुरू केली, आणि पुढे त्याच कंपनीचा मोठा कारखाना नाशिकच्या सातपूर भागात उभा राहिला. २००२ साली बाजारात आलेली स्कॉर्पिओ ही मोटार या नाशिकच्या कारखान्यात तयार होऊ लागली. हाताने पाते हलवावयाच्या जीपपासून एका कळीवर सर्व काही करणाऱ्या मोटारीपर्यंतचा प्रवास, असा एका अर्थी आपल्या दाराशी येऊन पोहोचलेला आहे.

वायपर चालतो कसा? बॉनेटच्या मागच्या टोकाशी, काचेच्या पायथ्याला विजेची एक लहान मोटर असते. ती गोल फिरते. पण पाते तर डावी-उजवीकडे झुलते. शिवणयंत्राचे पायटे खालीवर होते आणि त्यामुळे मोठे चाक गोल फिरते, हे तुम्ही पाहिले असेल. येथे नेमका उलट प्रकार आहे. फिरत्या चकतीस कडेला जोडलेली दांडी मागेपुढे होते व ती पात्यास झोका देते.

येथवर सारे सुरळीत झाले. पण एक अडचण उरलीच. मुसळधार पावसात भरभर हलणारे पाते रिमझिम पावसात कोरड्या काचेवर करकरत राहते. चालक ते बंद करतो, तोच काच थेंबांनी भरते. पुन्हा चालू करतो, पुन्हा बंद करतो. ही अडचण रॉबर्ट कर्न्स या अमेरिकन अभियंत्याने सोडवली. १९५३ साली त्यांच्या विवाहाच्या रात्री बाटलीचे उडालेले बूच लागून त्यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. पुढे एकदा पावसात मोटार चालवताना त्यांच्या मनात आले, की पापणी डोळा सतत पुसत नाही; थांबून थांबून लवते. मग वायपरने तसे का करू नये? त्यांनी एक विद्युत्-मंडल रचले. गळक्या नळाखाली ठेवलेले भांडे थेंबाथेंबाने भरावे, काठोकाठ भरताच कलंडून रिकामे व्हावे आणि पुन्हा भरू लागावे, तसे या मंडलातील धारित्र विजेने हळूहळू भरते, भरताच वायपरला एक फेरा मारावयास लावते व रिकामे होते. नळाची धार कमीजास्त करावी त्याप्रमाणे कळ फिरवून दोन फेऱ्यांमधील अंतर कमीजास्त करता येते.

कर्न्स यांस १९६७ साली पेटंट मिळाले. पुढे मोठ्या कंपन्यांच्या मोटारींत असे वायपर दिसू लागले, पण त्यांचा मोबदला कर्न्स यांस मिळाला नाही. त्यांनी १९७८ साली फोर्ड कंपनीवर दावा लावला. तो बारा वर्षे चालला. अखेर १९९० साली कंपनीने त्यांस एक कोट दोन लक्ष डॉलर देऊन तडजोड केली. मागाहून क्रायस्लर कंपनीविरुद्धचा खटला त्यांनी स्वतःच उभे राहून लढवला व तोही जिंकला. पैशापेक्षा आपले श्रेय त्यांस अधिक मोलाचे वाटत होते, हे उघड आहे. तथापि या लढ्यात त्यांचे संसारसुख व प्रकृती दोन्हींची हानी झाली. पाऊस उणावल्यावर घोटीच्या पुढे पाते थांबून थांबून फिरू लागते, त्यामागे इतकी मोठी कथा आहे.

पाऊस काचेच्या बाहेर असतो, पण धुके आतही जमते. ओले कपडे घातलेली चार माणसे बंद मोटारीत श्वास सोडू लागली की हवेत बाष्प वाढते आणि थंड काचेवर त्याचे बारीक थेंब बसतात. पूर्वी चालक एका हाताने फडके फिरवीत राही. कित्येक ट्रकचालक काचेवर तंबाखू चोळीत. वातानुकूलन यंत्र हवा केवळ गार करते अशी पुष्कळांची समजूत असते. खरे तर ते हवेतील बाष्पही थंड नळ्यांवर जमवून बाहेर टाकते. म्हणूनच ऐन पावसाळ्यात, उकाडा नसतानाही, जाणता चालक ते चालू करून कोरड्या हवेचा झोत काचेकडे वळवतो.

घाटातील वळणावर स्टिअरिंगचे चाक दोन बोटांनी फिरते, ते तेलाच्या दाबाने अथवा विजेच्या मोटरने त्यास हातभार लावल्यामुळे. गिअर बदलताना पूर्वी दोनदा क्लच दाबावा लागे, नाहीतर दाते एकमेकांवर खरखरत. आता आतील कड्या प्रथम परस्परांचा वेग जुळवून घेतात व मगच दाते गुंततात. वळावयाचे असेल तर खिडकीतून हात बाहेर काढावा लागे. आता दिवा लुकलुकतो. (तो लुकलुकत ठेवून सरळच जाणारे चालकही आहेत, त्यास मात्र यंत्राकडे उपाय नाही.)

याहून महत्त्वाचे साधन ब्रेकचे. ओल्या रस्त्यावर समोर अचानक गुरे आली आणि चालकाने ब्रेक करकचून दाबला, तर काय होते? चाके फिरावयाची थांबतात, पण मोटार थांबत नाही. ती घसरत पुढे जाते. शिवाय फिरणारे चाकच दिशा बदलू शकते. जखडलेल्या चाकाचे स्टिअरिंग कितीही फिरवले तरी मोटार सरळच घसरत राहते. म्हणून जुने कसबी चालक ब्रेक दाबीत, सोडीत, पुन्हा दाबीत. घाबरलेल्या माणसास त्या क्षणी हे साधणे कठीण. १९७८ साली जर्मनीतील बॉश कंपनीने हे काम विजेच्या मेंदूवर सोपवले. प्रत्येक चाकाजवळ त्याचा वेग मोजणारे साधन असते. एखादे चाक एकाएकी थांबू लागल्याचे कळताच त्या चाकाचा ब्रेक क्षणार्ध सैल होतो व पुन्हा आवळला जातो. आणि हे एका सेकंदात अनेक वेळा घडते. या व्यवस्थेस एबीएस म्हणतात. ती कामास लागली म्हणजे पायाखालचे पायटे थरथरते. नवखा चालक ते पाहून दचकतो आणि पाय उचलतो. ही मोठी चूक होय. पाय दाबूनच ठेवावयाचा असतो. अर्थात ही जादू नव्हे. मोकळ्या खडीवर एबीएस असूनही मोटार लवकर थांबत नाही; लाभ होतो तो स्टिअरिंग हाती राहण्याचा. भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींस एबीएस सक्तीचे झाले आहे.

बॉश हे नाव नाशिककरांस परके नाही. त्र्यंबक रस्त्यावरील मायको सर्कल तुम्हांस ठाऊक असेल. मायको, म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, ही बॉशचीच भारतातील शाखा. २००८ साली तिने बॉश हे नाव घेतले, तरी शहराच्या तोंडी जुने नाव अद्याप टिकून आहे. सातपूरच्या त्यांच्या कारखान्याचे नाव झाले ते एबीएसमुळे नव्हे, तर डिझेल यंत्रात इंधनाचा अतिसूक्ष्म फवारा सोडणाऱ्या भागांमुळे. तो फवारा जितका बारीक, तितके इंधन नीट जळते व धूर कमी होतो.

आता शेवटच्या, आणि माझ्या मते सर्वांत उपेक्षित, सोबत्याकडे येऊ. तो म्हणजे सीटबेल्ट. भेंड्या खेळणारी आपली मुले मागे बसली आहेत. त्यांनी पट्टे बांधले आहेत काय?

मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असते, तेव्हा आत बसलेला माणूसही त्याच वेगाने धावत असतो, जरी तो स्वस्थ बसलेला दिसला तरी. मोटार एखाद्या भिंतीवर आदळून थांबली तर माणसास थांबवणारे काहीच नसते. न्यूटनच्या नियमाप्रमाणे तो त्याच वेगाने पुढे जातो आणि काचेवर अथवा पुढच्या आसनावर आदळतो. हा आघात केवढा? सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवरून, जमिनीवर पडावे तेवढा. आपण हातांनी पुढचे आसन घट्ट धरू, असे कोणी म्हणेल, तर गच्चीवरून पडताना हात टेकून कोणी वाचत नाही, हे त्याने ध्यानी घ्यावे.

आधीचे पट्टे केवळ पोटावरून जात व अपघातात पोटातील इंद्रियांस इजा करीत. स्वीडनमधील व्होल्व्हो कंपनीचे निल्स बोलिन यांनी १९५९ साली छातीवरून तिरपा व कमरेवरून आडवा जाणारा पट्टा सिद्ध केला. त्यापूर्वी ते लढाऊ विमानांतून वैमानिकास आसनासह बाहेर फेकणारी यंत्रणा तयार करण्याचे काम करीत. माणसाचे शरीर किती धक्का सोसते याचा त्यांस अनुभव होता. आघात छातीच्या फासळ्या आणि कमरेची हाडे या बळकट भागांवर वाटला जावा, आणि पट्टा एका हाताने, क्षणात बांधता यावा, हे त्यांच्या रचनेचे मर्म. व्होल्व्हो कंपनीने या पट्ट्याचे पेटंट इतर कंपन्यांस वापरण्यास खुले ठेवले. कर्न्स यांची कथा आताच वाचलेल्या तुम्हांस या निर्णयाचे मोल निराळे सांगावयास नको.

मोटार उभी असताना तुम्ही एक प्रयोग करून पाहा. पट्टा सावकाश ओढा. तो सहज बाहेर येतो. आता त्यास हिसका द्या. तो जागीच अडतो. ज्या रिळावर तो गुंडाळलेला असतो, ते एकाएकी वेगाने फिरू लागले की एक लहानशी खिटी बाहेर फेकली जाऊन दात्यांत अडकते. म्हणून एरवी पुढे वाकता येते, आणि संकटात मात्र पट्टा सुटत नाही. एअरबॅग म्हणजे हवेची पिशवी असते, मग पट्टा कशास, असेही विचारले जाते. ती पिशवी पापणी लवण्यापूर्वीच भडकन फुगते. पट्टा नसलेला माणूस पुढे झेपावत असताना ती त्याच्या अंगावर फुटल्यासारखी आदळली तर तिच्यापासूनच इजा होते. ती पट्ट्याची जोडीदार आहे, बदली नव्हे.

भारतात १९९४ पासून नव्या मोटारींच्या पुढील आसनांना पट्टे बसवणे सक्तीचे झाले. मागील आसनांवरील प्रवाशांनीही पट्टा बांधावा असा नियम आहे. पण तो नियम आहे हेच पुष्कळांस माहीत नसते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी १६ हजारांहून अधिक जणांनी पट्टा बांधला नव्हता, आणि त्यांत चालक जितके होते जवळजवळ तितकेच प्रवासी होते. त्याच वर्षी ४ सप्टेंबर रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीस अपघात झाला. मोटार उत्तम बनावटीची होती. पुढील दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागील दोघे, मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी, मृत्यू पावले. त्या दोघांनी पट्टे बांधले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. मागे बसलेल्यास पुढच्या आसनाची ढाल असते, हा समज किती फोल आहे हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले.

घाट संपून मोटार आता इगतपुरीच्या पुढे आली आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाल्यापासून पुष्कळ वाहने कसाऱ्याचा चढ टाळून जवळजवळ आठ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून येऊ लागली आहेत. तेथे पाऊस लागत नाही, वळणे नाहीत. लागतो तो वेग. ताशी ८० किलोमीटर ओलांडताच नव्या मोटारी अधूनमधून टुणटुण वाजतात व १२० च्या पुढे सतत वाजत राहतात, तेही २०१९ पासून सक्तीचे झालेले आहे. हा आवाज अनेकांस कटकटीचा वाटतो.

आपली मोटार जुन्याच रस्त्याने आली. घोटी, वाडीवऱ्हे, विल्होळी मागे पडली. पाथर्डी फाट्यापाशी काच कोरडी झाली आणि चालकाने वायपर बंद केला. गल्लीत शिरून तो मोटार अंगणात मागे घेऊ लागला, तेव्हा मागच्या बंपरमधून वटवाघळासारखे कानास न ऐकू येणारे ध्वनी बाहेर पडले, कशावर तरी आपटून परतले, आणि चालकापुढे सूचनेचा आवाज घाईघाईने वाजू लागला. त्याने मोटार थांबवली. मागे, काचेतून न दिसणाऱ्या उंचीवर, शेजारचे दोन वर्षांचे मूल मोटार पाहावयास येऊन उभे होते.